सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे काय झालं?

सोमेश्वरनगरच्या आसपास, वाघळवाडी, वाणेवाडी, करंजे, निंबुत या गावांत, जमिनीचा व्यवहार सुरू होतो गुंठ्याच्या भावापासून आणि संपतो 'नाव लागलं का?' या प्रश्नावर. नाव म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. ते लागलं की पेढे वाटतात, उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जातो आणि घर निर्धास्त होतं. पुढे कधीतरी विकणाऱ्याची बहीण हिस्सा मागते, सोसायटीची नोटीस येते, नाहीतर जुनं साठेखत घेऊन कुणी दारात उभा राहतो. घरचे तोच उतारा पुढे करतात आणि वकील तो बाजूला सारून म्हणतो, 'हा महसुली कागद आहे. खत दाखवा.'

वकील खरं तेच सांगतो. पण मग ज्या कागदावर अख्खा गाव विसंबतो, त्याने मालकी ठरत नाही, हे असं का? याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. सातबाऱ्याचं मूळ इंदापूर तालुक्यात आहे आणि दस्तनोंदणी शेतकऱ्याच्या दारापर्यंत का आली, याचं एक मोठं कारण बारामती तालुक्यातल्या सुप्यात.

पेशवाई गेल्यावर दख्खनचा सारा ठरवायचं काम इंग्रजांकडे आलं. १८२८ च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी सुरू केली. लंडनच्या अर्थशास्त्रातला खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का बसलेला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारात घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो निर्दोष होता. प्रत्यक्षात मोजणी चुकली, प्रतवारी करणाऱ्यांनी हात ओले करून घेतले, अवर्षणं आली, आणि इंदापूरसारख्या कोरड्या तालुक्यात लोक रानं टाकून निघून गेले. १८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरात काम नव्याने हाती घेतलं. सिद्धांत गुंडाळून ठेवला. शेत मोजलं, हद्दीला खुणा घातल्या, प्रत्येक तुकड्याला नंबर दिला, मातीची आणेवारीने प्रत लावली आणि लोकांना खरोखर झेपेल असा आकार तीस वर्षांसाठी ठरवला. ही पद्धत चालली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती मुंबई इलाख्याची पद्धत झाली. आज आपल्या उताऱ्यावर 'आकार' या मथळ्याखाली जे किरकोळ रुपये-पैसे दिसतात, तो त्या इंदापुरी हिशेबाचाच वारसा.

या साऱ्या खटाटोपात सरकारचा प्रश्न एकच होता: सारा कुणाकडून घ्यायचा? जमीन कुणाची, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता. ज्याचं नाव त्या नंबरासमोर, तो सारा भरणार. त्याच्या भावाचं, कुळाचं, सावकाराचं त्या जमिनीत काय आहे, ते त्यांनी आपापसांत बघावं. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने ही उणीव थोडी भरून काढली आणि कब्जेदाराबरोबर इतरांचे हक्कही गावच्या दप्तरात लिहायला लावले. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम त्याच रस्त्याने जातो. त्याचं कलम १५७ सांगतं की प्रमाणित नोंद खरी धरावी, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीने, मालकी येत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी निकालांत पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. इतक्यांदा सांगावं लागतं, यावरूनच लोकांचा विश्वास कुठे बसला आहे ते कळतं.

आता दुसरा कागद, खत. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख दागिन्यांपेक्षा दप्तरांवर होता. रोखे, गहाणखतं, वह्या काढून त्यांची होळी केली. अंगठा उठवलेल्या कागदात काय लिहिलं आहे हे अंगठेवाल्याला ठाऊक नसायचं, आणि त्याच कागदावर कोर्ट हुकूमनामा द्यायचं. चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातली एक तरतूद आज फारशी कुणाला आठवत नाही: शेतकऱ्याचे दस्त गावनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावेत. कोण कुणाला काय लिहून देतो आहे हे तिसऱ्या, सरकारी माणसासमोर व्हावं आणि त्याची नक्कल राहावी, ही दस्तनोंदणीची मूळ कल्पना. १९०८ च्या नोंदणी कायद्याचा गाभाही तोच. दुय्यम निबंधक ओळख बघतो, साक्षीदार बघतो, मुद्रांक पुरेसा आहे का बघतो, दोन्ही बाजूंची कबुली घेतो. विकणारा खरोखर मालक आहे का, याची शहानिशा त्याच्या कामात येत नाही. तामिळनाडूने तसा एक नियम करून बघितला होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

म्हणजे तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) सांगतो की दप्तरी नाव कुणाचं आहे. निबंधक सांगतो की कुणी कुणाला काय लिहून दिलं. भूमी अभिलेखवाले सांगतात की तुकडा केवढा आणि कुठे आहे. 'मालक हाच' असं छातीठोक सांगणारं कार्यालय एकही नाही. ते सांगतं दिवाणी कोर्ट, आणि तेही दाव्यातल्या पक्षकारांपुरतंच.

तरीही व्यवहार होतात आणि बहुतेक तडीसही जातात, कारण हमी नसली तरी क्रम लावायचे नियम आहेत. एकाच जमिनीवर दोघांनी हक्क सांगितला तर पुढचा कोण आणि मागचा कोण, हे कायदा ठरवून देतो. ते नियम समजून घेण्यासारखे आहेत, कारण पारावर सांगितले जातात ते बरेचदा चुकीचे असतात.

समजा, नीरा डाव्या कालव्याखालचं एक एकर रान आहे. मालक आबांनी १ फेब्रुवारीला पूर्ण पैसे घेऊन तात्यांना खरेदीखतावर सही दिली, पण नोंदणीला टाळाटाळ करत राहिले. १० मार्चला तेच रान त्यांनी बापूंना विकलं आणि त्याच दिवशी बापूंचं खत नोंदलंही गेलं. तात्यांचं खत नोंदलं गेलं २० मेला. रान कुणाचं? दहांतले नऊ जण सांगतील, बापूंचं. आधी रजिस्टर झालं ना! पण दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला हजर करता येतो, आणि नोंदला गेला की तो सहीच्या तारखेपासून लागू होतो, नोंदणीच्या तारखेपासून नव्हे. नोंदणी कायद्याचं कलम ४७ तसं सांगतं. १ फेब्रुवारीलाच रान तात्यांचं झालं होतं, तर १० मार्चला आबांकडे विकायला उरलं काय? बापूंनी १० मार्चला इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, चाळून बघितला असता, तरी त्यात काही सापडलं नसतं. त्यांच्या हाती उरतो तो आबांवर पैशांचा दावा आणि फसवणुकीची फिर्याद. ही आपल्या पद्धतीतली खरीखुरी फट आहे, आणि सही व नोंदणी एकाच दिवशी करण्याच्या रिवाजानेच ती बव्हंशी झाकली जाते.

तात्यांनी खत नोंदवलंच नसतं, तर? मग मात्र बापू पुढे. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होतच नाही. नोटरीचा शिक्का मारलेला पाचशेच्या स्टँपवरचा कागद कितीही रुबाबदार दिसला, तरी त्याने जमीन हलत नाही.

आणि तात्यांकडे खरेदीखत नसून नुसतं साठेखत असतं तर गोष्ट आणखी वेगळी. साठेखताने जमीन येत नाही, करार पुरा करून मागायचा हक्क येतो. हा हक्क बापूंवर चालेल की नाही, ते एका गोष्टीवर ठरतं: घेताना बापूंना त्या कराराची माहिती होती का? होती, तर बापूंनाही तात्यांच्या नावे खत करून द्यावं लागू शकतं. 'मला कुणी सांगितलं नाही' ही सबब इथे सहसा चालत नाही. साठेखत नोंदलेलं असेल तर सगळ्या जगाला ते माहीत आहे असं कायदा धरतो. आणि रानात प्रत्यक्ष दुसराच माणूस कसत असेल, तर त्याचा जो काही हक्क असेल तोही तुम्हाला माहीत होता असंच धरलं जातं.

सोमेश्वरनगरच्या भागात या शेवटच्या नियमाला फार महत्त्व आहे, कारण इथे रानात बहुधा ऊस उभा असतो. आडसाली ऊस वर्ष-दीड वर्ष तिथेच असतो, मागून खोडवा येतो. तो कुणी लावला हे लपत नाही. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याकडे त्या गटाची ऊसनोंद कुणाच्या नावे आहे, पाटबंधारे खात्याकडे पाणीअर्ज कोण भरतो, पीकपाहणीत काय लागलं आहे, मोटरीचं वीजबिल कुणाच्या नावे येतं, या कागदांनी मालकी सिद्ध होत नाही. पण कब्जा कुणाचा हे त्यातून दिसतं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढणारे पुष्कळ असतात. बांधावर जाऊन 'हा ऊस कुणाचा हो?' असं शेजाऱ्याला विचारणारे कमी. माझ्या मते दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं आहे, आणि त्याला फी पडत नाही.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्याकडे लोक असंच दुर्लक्ष करतात. वरची नावं वाचून उतारा घडी घालून ठेवतात. बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात तिथे हमखास सापडतो तो विकास सोसायटीचा इकराराचा बोजा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ खाली सभासद जमिनीवर भार लिहून देतो, आणि ते कर्ज फिटेपर्यंत सोसायटीच्या परवानगीशिवाय ती जमीन विकायला मनाई असते. पीककर्ज कारखान्याच्या ऊसबिलातून परस्पर कापून जात असल्यामुळे शेतकऱ्याला वाटतं, कर्ज फिटलं. कर्ज फिटतं, बोजा राहतो. तो उतरवायला वेगळा दाखला, वेगळा फेरफार.

त्याच रकान्यात कधी कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. पण सवलतीत मिळालेली ती जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीने अट सैल झाली, मालकीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून मोकळीक मिळते. आकार इतका क्षुल्लक असल्यामुळे ही रक्कमही क्षुल्लकच असते. ती न भरता केलेलं खत मात्र वर्षानुवर्षं छळतं.

खत नोंदलं की आता ई-फेरफार प्रणालीतून त्याची माहिती थेट तलाठी कार्यालयात जाते. फेरफार नोंदवहीत नोंद पडते, चावडीवर आणि संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, सुनावणी होते, अपील प्रांताकडे. एकंदर यंत्रणा पूर्वीपेक्षा पुष्कळ वेगवान झाली आहे. पण या सुनावणीतही ठरतं ते एवढंच की दप्तरात काय लिहायचं. महसुली अधिकाऱ्यासमोर दहा वर्षं भांडून जिंकलेला माणूस दिवाणी कोर्टात पहिल्या पायरीवर उभा असतो. गावोगावच्या भावकीने यात घालवलेली आयुष्यं मोजायची सोय नाही.

मग सरकारने सरळ हमीच का देऊ नये? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं एक उत्तरही जुनं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे जकात अधिकारी रॉबर्ट टॉरेन्स यांनी जहाजांच्या नोंदणीवरून कल्पना घेतली आणि १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात कायदा करवला. तिथे खत नोंदत नाहीत, मालकी नोंदतात. नोंदवहीत ज्याचं नाव, तो मालक. मागचे दस्त चाळायची गरज नाही. आणि या नियमामुळे निरपराध माणसाची जमीन गेली तर सरकारी निधीतून भरपाई. वरच्या उदाहरणात बापू जिंकले असते, आणि प्रश्न एका दिवसात मिटला असता.

भारतात हा विचार नेटाने मांडला तो पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. बिहार सरकारच्या वटहुकमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले वाधवा ते हेच. नियोजन आयोगासाठी त्यांनी एकसदस्य समिती म्हणून १९८९ मध्ये अहवाल दिला आणि जमिनीच्या मालकीची सरकारी हमी देणारी पद्धत आणायला सांगितलं. त्यानंतर केंद्राने मसुदे केले, २०१६ मध्ये राजस्थानने शहरी जमिनींसाठी कायदा केला, २०२० मध्ये नीती आयोगाने नमुना कायदा पुढे ठेवला. आंध्र प्रदेशाने तर २०२३ मध्ये पूर्ण कायदाच लागू केला. वकील रस्त्यावर आले, कारण वाद दिवाणी कोर्टाकडून काढून अधिकाऱ्यांकडे जाणार होते. शेतकऱ्यांत जमीन जाईल अशी भीती पसरली. निवडणुकीत तो मोठा मुद्दा झाला आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने कायदा रद्द करून टाकला.

भीती सगळीच खोटी नव्हती. हमी देणारी नोंदवही वाद मिटवते ते एका बाजूला हरवून. न्यूझीलंडमधल्या १९६७ च्या फ्रेझर विरुद्ध वॉकर खटल्यात बायकोने नवऱ्याची खोटी सही करून घर गहाण टाकलं, कर्ज थकलं, घर तिसऱ्याने विकत घेतलं. घेणाऱ्याचं नाव नोंदलं गेलेलं होतं, म्हणून घर त्याचं झालं. आपल्याकडे खोट्या सहीच्या खताने काहीच जात नाही, मग ते कितीही वेळा नोंदलेलं असो.

आता 'नोंदवहीत नाव तो मालक' हा नियम बारामतीच्या सातबाऱ्यांवर लावून बघा. कित्येक जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आहे आणि पुढे 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही ठिकाणी संगणकीकरणाच्या, एकत्रीकरणाच्या किंवा कुणाच्या तरी सोयीच्या ओघात ती तीन अक्षरंही गळून पडली आहेत. धाकटे भाऊ, त्यांच्या विधवा, लग्न होऊन इंदापूर-फलटणला गेलेल्या बहिणी, कुणाचंच नाव नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या त्यातून वगळल्या, पण वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली असली तरच. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तोंडी वाटणीला अपवादात्मक परिस्थितीतच, भक्कम सरकारी कागदांच्या आधारावर, वाव ठेवला. तेव्हापासून घरगुती 'वाटणीची याद' फारशी कामाची राहिली नाही, आणि बहिणीला गाडी पाठवून हक्कसोडपत्राच्या सहीला बारामतीला नेण्याचा प्रघात वाढला.

आजच्या पद्धतीत या बहिणीचा हक्क दप्तरात नसला तरी जिवंत असतो. म्हणून तर घेणारा धास्तावतो आणि तिची सही मागतो. उद्या हमीची नोंदवही आली आणि नीती आयोगाच्या नमुन्याप्रमाणे नोंद तीन वर्षं बिनहरकत राहिली की पक्की झाली, तर ते एकटं थोरलं नाव पक्कं होईल. वाधवांचा युक्तिवाद मला पटतो. फक्त सुरुवात कुठून करायची याबद्दल मनात घोळ नको. २०२५ मध्ये महसूल खात्याने राबवलेली जिवंत सातबारा मोहीम, ज्यात मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावली जातात, ही मला कुठल्याही हमी कायद्यापेक्षा जास्त कामाची वाटते.

तोवर बहिणीने काय करावं? महसूल अधिनियमाचं कलम १५० तलाठ्याला सांगतं की फेरफाराची नोटीस दप्तरात ज्यांची नावं दिसतात त्यांना द्यावी, आणि ज्यांचा संबंध आहे असं त्याला सकारण वाटतं त्यांनाही. संगणक पहिल्यांना पाठवतो; दुसऱ्यांची त्याला कल्पना नसते. त्यामुळे वारसनोंदीचा अर्ज तिनेच करायचा, गटावर काही हालचाल आहे का ते ऑनलाइन बघत राहायचं आणि पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घालायची. वाटपाचा दावा लावला असेल तर आणखी एक काम उरतं. देशात बहुतेक ठिकाणी दावा चालू असताना जमीन विकली तर घेणारा आपोआप निकालाला बांधला जातो. आपल्याकडे मात्र १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असेल तरच तो बांधला जातो. या नोटिशीला वकिली बोलीत 'लिस पेंडन्स' म्हणतात. ती नोंदवली की इंडेक्स टूमध्ये दिसते आणि घेणारा सर्च करतानाच थबकतो. नुसता दावा लावून घरी बसलेल्या पक्षकाराला हे बहुधा कळतं, ते जमीन तिसऱ्याच्या नावावर गेल्यावर.